सायकलचा आवाज न आल्याबाबत

मी, कुमारी उत्तरा नारायण वर्दे, वय ६८ वर्षे, धंदा सध्या काही नाही, टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त, राहणार अ विंग, तिसरा मजला, स्नेहांकुर सोसायटी, मुलुंड पूर्व, आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे. जबाबात आधी ‘श्रीमती’ लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून ‘कुमारी’ केले आहे. साहेब म्हणाले, “मॅडम, काय फरक पडतो?” मला पडतो.

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. आई होती तोवर आम्ही दोघी होतो. आमच्या सोसायटीच्या अ आणि ब विंगच्या मधल्या गल्लीत सायकली लावण्यासाठी पत्र्याची शेड आहे. ती बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली येते. त्यामुळे खाली कोण आले-गेले ते मला दिसत नाही, नुसता पत्रा दिसतो. ऐकू मात्र सगळे येते. गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून मी खाली क्वचित उतरते, कारण इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टबद्दलही मी सोसायटीकडे अर्ज केलेला आहे, पण तो विषय वेगळा.

श्री. जयवंत परब हे ब विंगमध्ये तळमजल्यावर राहतात. ते मूळचे देवगडकडचे, एका कारखान्याच्या कँटीनमधून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी सुगंधाताई दोन वर्षांपूर्वी वारल्या. तेव्हापासून श्री. परब रोज सकाळी उजाडताना सायकल काढून मासळी बाजारात जातात आणि ऊन चढायच्या आत परत येतात. सोमवारी आणि गुरुवारी ते मासे खात नाहीत, पण बाजारात त्याही दिवशी जातात. हे मला सुगंधाताईंच्या दिवसकार्याला आलेल्या बायकांकडून आणि पुढे सायकलच्या आवाजावरून समजले.

सायकल जुनी आहे आणि तिची चेन अतिशय करकरायची. कोरड्या चेनचा आवाज एकसारखा नसतो. पायडल खाली जाताना एक आणि वर येताना एक, असे दोन आवाज येतात. जाताना सायकल रिकामी असली की ते झटपट येत. परत येताना पिशवी असेल तर सावकाश येत. सोमवारी-गुरुवारीसुद्धा ते सावकाशच येत, त्याचे कारण मला माहीत नाही.

या आवाजाबद्दल मी श्री. परब यांना वरून खिडकीतून दोन-चारदा ओरडून सांगितले, की चेनला तेल घाला. त्यांनी लक्ष दिले नाही. ऑपरेशनच्या आधी एकदा ते सायकल घेऊन गेटपाशी समोरच भेटले, तेव्हा तोंडावर सांगितले, “परब, अहो चेनला तेल घाला, तेल!” त्यावर ते हसून म्हणाले, “होय होय, बरा आसा.” मला वाटले माझी थट्टा करतायत. सोसायटीत माझी ख्याती भांडखोर म्हणून आहे, ती मला माहीत आहे. मग मी हाताने चेन दाखवली आणि बाटली ओतल्यासारखे करून दाखवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चेनवर खोबरेल तेल ओतले. शेडमध्ये थारोळे झाले आणि वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. एक सकाळ आवाज बंद होता. पुढे त्या तेलावर धूळ बसली आणि चेन पहिल्यापेक्षा जास्त करकरू लागली. कोकणातल्या माणसाला डोक्यापासून चेनपर्यंत एकच तेल ठाऊक असते.

म्हणून मी गेल्या महिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी श्री. केयूर दिघे यांच्याकडे लेखी तक्रार दिली. तक्रार करायची तर उपायासकट करायची, ही माझी पद्धत आहे. कामावर जायला मी स्वतः बरीच वर्षे सायकल वापरली आहे. त्यामुळे मी त्यात सविस्तर लिहिले, की खोबरेल किंवा गोडे तेल चालणार नाही. आधी रॉकेलच्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने चेन घासून काळा मळ काढावा. ती पूर्ण सुकू द्यावी. मग शिलाई मशीनचे पातळ तेल घेऊन प्रत्येक कडीच्या सांध्यावर, आतल्या बाजूने, एकेक थेंब सोडावा. पायडल उलटे फिरवत राहावे म्हणजे तेल आत उतरते. थोड्या वेळाने बाहेरचे तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे, कारण बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ धरते.

तक्रारीत मी माझी झोपमोड होते असे कारण दिले होते. ते खरे नाही. मी त्याच्या आधीच उठलेली असते. खरे कारण असे, की कोरडी चेन एक दिवस तुटते, आणि बाजाराच्या अलीकडे चढ आहे. चढावर उभे राहून पायडल मारताना चेन तुटली तर माणूस तोंडावर पडतो. ते एकटे राहतात. पण असे लिहिले असते तर सेक्रेटरींनी ते गावभर केले असते, म्हणून झोपमोड लिहिली.

गेल्या सोमवारी सकाळी सायकलचा आवाज आला नाही, जातानाही नाही आणि येतानाही नाही. मंगळवारी आला नाही. बुधवारी मी दिवसाच्या वॉचमनला इंटरकॉमवर विचारले. तो म्हणाला, “सायकल जागेवर आहे मॅडम. बाबा काय दिसले नाय. दरवाजा बंद आहे.” तो ऊन चढल्यावर कामावर येतो. सायकल निघायच्या वेळी रात्रीचा वॉचमन झोपलेला असतो, त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. श्री. परब यांचा फोन नंबर माझ्याकडे नाही. त्यांच्याकडेही माझा नसावा.

येथे साहेबांनी मला विचारले, की आवाज बंद करा म्हणून तक्रार तुमचीच, आणि आवाज बंद झाला म्हणून पोलिसांना फोनही तुमचाच, हे कसे? चेनला तेल घातले असेल हे तुम्हाला सुचले नाही का? याचे उत्तर असे, की सोमवारी सुचले होते. पण मागच्या खेपेला आवाज एकच सकाळ बंद राहिला होता. यावेळीही काहीतरी ओतले असेल, मंगळवारी पुन्हा करकर सुरू होईल, असे मी धरून चालले. मंगळवारी मी खिडकीशीच बसले होते. मी लिहिले तसे कोणी नीट, कडीन् कडी करेल, हे डोक्यातच आले नाही. सोसायटीत आजवर माझ्या सूचनेप्रमाणे कोणी काही केलेले नाही.

पुढे साहेबांनी विचारले, की श्री. परब यांच्याशी तुमचे नाते काय. नाते काही नाही. शेजारी म्हणावे तर त्यांची विंग वेगळी आहे. मी त्यांच्या घरी कधी गेलेली नाही, तेही माझ्याकडे आलेले नाहीत. सकाळी सायकल निघाली की मी दूध तापत ठेवत असे, आणि परत आली की चहा घेत असे. सोमवारपासून चहा कधी करायचा ते मला कळेना, म्हणून गुरुवारपर्यंत केला नाही. आधी मी त्या आवाजाला खरोखर कंटाळले होते. कधीपासून वाट पाहू लागले ते सांगता येत नाही. माझ्या घरातून बाहेर कोणाला ऐकू जाईल असा कसलाच आवाज येत नाही, हेही मला याच दिवसांत लक्षात आले.

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर मी काठी घेऊन तीन जिने उतरले आणि ब विंगमध्ये जाऊन श्री. परब यांची बेल वाजवली. आत वाजलेली मला बाहेर ऐकू आली. दार ठोठावले, हाका मारल्या. आतून कोणी बोलले नाही. आत पंखा चालू होता, तो ऐकू येत होता. आईच्या वेळेलाही मी बाहेरून आले तेव्हा आत पंखाच चालू होता. मी वॉचमनच्या फोनवरून पोलिसांना कळवले, की आत एक वयस्कर गृहस्थ आहेत आणि बहुधा वारले आहेत. ‘बहुधा’ हा शब्द मी वापरला होता, तो कंट्रोल रूमच्या नोंदीत दिसत नाही असे कळले. पोलिसांना विनाकारण त्रास द्यावा हा माझा हेतू नव्हता.

पोलीस आल्यावर त्यांनीही बराच वेळ दार ठोठावले. श्री. केयूर दिघे यांनी नाक्यावरच्या सुताराला बोलावून घेतले आणि पोलिसांसमोर कडी तोडून दार उघडले. श्री. परब कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपले होते. हवालदारांनी खांद्याला हात लावल्यावर ते दचकून उठले. दारात पोलीस, सुतार आणि सोसायटीतली एवढी माणसे बघून त्यांनी विचारले, “कोण गेला? कोण गेला?” सगळे एकदम बोलू लागले, ते त्यांना कळेना. मग त्यांनी उशाशी ठेवलेल्या डबीतून श्रवणयंत्र काढून कानात घातले आणि पुन्हा तेच विचारले. त्यांना कमी ऐकू येते हे मला त्या वेळी प्रथम समजले. मी वरून ओरडत होते ते त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. स्वतःच्या सायकलचा आवाजही त्यांना कधी ऐकू आलेला नाही.

त्यानंतर दार का तोडले आणि खबर कोणी दिली याची नोंद व्हावी, असा सोसायटीने अर्ज दिला, त्यावरून मला आज बोलावले आहे. खबर मी दिली. कडी मी नवीन बसवून देईन.

आज येथे श्री. परब यांनाही बोलावण्यात आले. आपल्याला सायकलच्या तक्रारीवरूनच बोलावले, अशी त्यांची समजूत झाली होती. मला बघताच ते उठून म्हणाले, “बाई, तुमी लिवलास तसाच केलंय बगा. पयली घासून काढलंय, मगे एकेक कडीक एकेक थेंब. आयतवारचो अख्खो दिवस गेलो. अजून वाजता काय?” मी नाही म्हणाले. ते त्यांना ऐकू गेले नाही, म्हणून मान हलवून सांगितले. त्यांना फार बरे वाटले.

मग त्यांनी विचारले, “मगे दरवाजो कित्याक फोडलो?”

त्यांना सांगायचे तर मोठ्याने सांगावे लागले असते, आणि तेथे आणखी माणसे होती. शिवाय असे काही कोणाला सांगण्याची मला सवय राहिलेली नाही. येथे विचारले गेले म्हणून एवढे तरी सांगता आले.

हा जबाब साहेबांनी मी बोलत गेले तसा कॉम्प्युटरवर घेतला आणि मला मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, त्यात कमीजास्त काही नाही. मात्र सही करण्याआधी तो आणखी एकदा वाचावा, आणि बाकावर बसलेल्या श्री. परब यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात वाचावा, अशी मी विनंती केली. साहेबांनी विचारले, “सगळा, मॅडम? ते चहाचं पण?”

मी सांगितले, सगळा.