एकतीस पुस्तकं आणि बोर्गहिल्ड

हसताय काय, तुम्हाला सांगते, एकतीस पुस्तकं लिहिली मी, बारा कादंबऱ्या आणि बाकीची पोरांसाठी, मासळीच्या कारखान्यात खोकी भरता भरता लिहायला शिकले, मास्तर नाही की कॉलेज नाही, समीक्षकांनी सोलून काढलं तरी पापणी हलली नाही. पण त्या शनिवारी धक्क्यावर जाताना दोनदा अर्ध्या वाटेतून मागे फिरले...

का? पोरांसाठी जन्मभर राक्षस लिहिले, राक्षस तक्रार करत नाहीत. यंदा दुर्बुद्धी सुचली आणि पोरांच्या पुस्तकात आमच्याच बेटावरची मावशी घातली, मेलेल्या नवऱ्याच्या बुटांपुढे रोज कॉफी ठेवते आणि त्यांना हवामान सांगते. पोरं खदाखदा हसली. आता हे बूट मला दिसले कुठे? शेजारच्या बोर्गहिल्डच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून! चाळीस वर्षं अकराच्या कॉफीला माझ्याकडे येणारी बाई, पुस्तक आलं आणि यायची थांबली. भांडली? छे. एक अक्षर बोलली नाही.

म्हणाल, मग घरी बसायचं. वसंतातल्या गावसफाईला? अहो, आमच्याकडे एकवेळ नवरा सोडलेला चालतो, सफाई चुकवलेली नाही. गेले. गावमंडळाच्या अध्यक्षानं, ओड्वारनं, मान हलवली, वाफलं भाजणाऱ्या गुन्वोरनं तपकिरी चीज घातलेलं वाफल पुढे केलं, आणि पुस्तकाबद्दल? एक अक्षर बोललं नाही कोणी. आमचा माणूस ओरडला तर समजावं वाचलो. गप्प बसला की... आणि बोर्गहिल्ड होडीघराच्या भिंतीचा जुना रंग खरवडत होती, खर्र, खर्र, पातं चांगलं वीतभर, आणि मला जागा मिळाली ती नेमकी तिच्या शेजारी. तासभर, तुम्हाला सांगते, जीव मुठीत धरून खरवडलं. माफी मागायला तोंड उघडलं, तर रंगाचे पोपडेच आत गेले. ती? खर्र, खर्र.

मग ओड्वार म्हणाला की गावमंडळाला चिटणीस हवा, आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. बुटांकडे! मी पटकन भिंतीकडे वळले. तेवढ्यात बोर्गहिल्ड पातं पुसत म्हणाली, "हिला करा. नाहीतरी ही सगळं बघतेच. आता आम्ही सांगू तेवढंच लिहील."

भराभर हात वर. माझं मत कोणी विचारलं?

तर आता पुढची दोन वर्षं मी चिटणीस. एवढ्याशा बेटाला दर मंगळवारी सभा कशाला लागते, आणि तीही बोर्गहिल्डच्याच स्वयंपाकघरात, हे विचारायची सोय नाही. मी लिहिते, ती चष्मा लावून ओळ न् ओळ तपासते, विशेषणं खोडते. कॉफी देते, हो, देते की. पण ते बूट अजून तिथे आहेत का, ते मला विचारू नका... वहीतून मान वर करायची माझी छाती नाही.