पंच्याण्णव किलो

(१९७६. शिरूरच्या एका शाळेचं मैदान, सकाळी. तालुक्याच्या मुलींच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक मच्छिंद्र सर, खेळाडू धुरपदा आणि तिची सासू अनसाबाई.)

धुरपदा : काटा नीट वाचा, सर. कितीवर थांबला?

सर : पंच्याण्णव.

धुरपदा : आन् लागत्यात किती?

सर : शंभर. दौंडच्या सामन्यांसाठी निवड समितीची अट आहे. पाच किलोनं राहिलीस, धुरपदा.

अनसाबाई : मास्तर, ह्यो मार्केट यार्डातला ताणकाटा. कांद्याची गोणी तोलायचा. त्येला बाईच्या पायातलं काय कळनार?

सर : पुण्याच्या कॉलेजात याचं यंत्र आहे, अनसाबाई. मी आपलं फळीला साखळी बांधून काम भागवलं. गुडघे वाकवून उभं राहायचं, दांडा धरायचा आणि पाय सरळ करत ओढायचं. पायात जेवढा जोर, तेवढा काटा सरकतो.

धुरपदा : काट्यावर माझा राग न्हाई. पोरीला पाच म्हैनं झालं. आधी जास्त ओढलं असतं मी.

सर : समितीही तेच म्हणते. बाळंतपणानं पाय ढिले पडतात. दौंडच्या सामन्यात गुडघा गेला तर तुझ्या घरचे मला जाब विचारतील.

अनसाबाई : घरची म्हंजी मीच की. कवठ्यास्नं एस्टीनं मीच आनलंय तिला. नात ही काय, मांडीवर हाय.

सर : आणि तुमचा मुलगा?

अनसाबाई : त्यो नको म्हनत व्हता. म्या म्हनलं, बाळंतपनाच्या दुसऱ्या म्हैन्यात ती डोईवर हंडा घिऊन चढ चढत व्हती, तवा तुला तिचं गुडघं आठवलं न्हाईत.

धुरपदा : सर, सिंधूनं किती ओढलं?

सर : सिंधूला मोजलं नाही.

धुरपदा : नकुशीनं?

सर : तिलाही नाही.

धुरपदा : म्हंजी नऊजणी निवडल्या, आन् फळीवर मी एकटीच?

सर : त्यांच्याबद्दल समितीला शंका नव्हती.

धुरपदा : मला हाय. बोलवा त्यास्नी.

सर : यादी आज द्यायची आहे, आणि काटा दहाला यार्डात परत न्यायचाय.

धुरपदा : मग मी फळीवरच बसते. काट्यासंगं मला बी न्या.

(तासाभरानं. नऊही मुलींना मोजून झालं आहे.)

सर : सिंधू ब्याऐंशी. नकुशी एक्क्याण्णव. सोजर एकशे चार.

अनसाबाई : वाचा की फुडं.

सर : बाकी सगळ्या नव्वदच्या आत.

धुरपदा : मग सोजरला एकटीलाच धाडा दौंडला.

सर : थट्टा नको, धुरपदा. मला खरंच माहीत नव्हतं. शंभर हा आकडा बैठकीत कुणीतरी बोललं, मी लिहून घेतला.

धुरपदा : पोरांच्या संघाला काय अट हाय?

सर : त्यांना अट नाही. त्यांना मोजलंच नाही.

धुरपदा : व्हय, तसं वाटलंच मला.

सर : ठीक आहे. यादीत तुझं नाव घालतो. हा आकड्यांचा कागद फाडून टाकू.

धुरपदा : फाडू नका. दरएकीच्या नावाफुडं तिचा आकडा लिहा. माझ्या फुडं लिहा, पाच म्हैन्याची बाळंतीण.

सर : समितीला रुचणार नाही. तुझं नाव कापतील. मलाही काढतील कदाचित.

धुरपदा : कापू द्या. कापताना आकडा वाचावा लागंल त्यास्नी. तुम्ही सही करा, खाली मी करते.

अनसाबाई : मला सही येत न्हाई. आंगठा चालंल?

सर : तुमचा कशाला, अनसाबाई?

अनसाबाई : काटा म्या बी बघितला की.

सर : घ्या, इथं उठवा. धुरपदा, निकाल शनिवारी कळेल. तोवर तू घरी थांब.

धुरपदा : पोरी सरावाला उतरल्यात, सर. नऊजणीत एका बाजूला चारच राहत्यात. मी तिकडं जाते.