मुंडकी तोडलेले शिपाई

हसू नका, त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सत्तर-बहात्तर साल असेल. सोलापुरात एका विणकराच्या घरी भाड्यानं राहायचो. प्लास्टिकचे खेळण्यातले शिपाई जमवायचा मला नाद. एकाचं मुंडकं कापायचं, गरम सुईनं दुसऱ्याच्या धडावर बसवायचं, लाल रंग द्यायचा, की नवा शिपाई तयार.

एका रविवारी आंघोळ करून आलो, तर घरमालकीणबाई खोलीत उभ्या. हातात माझा बिनमुंडक्याचा शिपाई, मानेत सुई तशीच. त्यांच्या मालकांची कंबर धरल्यामुळं घरातला माग आठ दिवस बंद होता. करणीच्या नुसत्या संशयावरून लोक माणसं मारतात.

"ह्ये काय हाय?"

"खेळणी आहेत, काकू. देवाशप्पथ."

"सुया टोचून कोण खेळतंय?"

त्यांनी दाराला आतून कडी घातली. आता मला कोंडून गल्लीतल्या पोरांना हाका मारणार, असं वाटून मी हात जोडले. पण त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं काय केलं आसंल ते सोडवा. आन् एक मुंडकं थोरल्या जाऊबाईंच्या नावानं तोडा की."

त्या जाऊबाई मला रोज तांब्याभर ताक आणून द्यायच्या.

"काकू, मला खरंच असलं काही येत नाही हो!"

त्यांनी सुईसकट शिपाई माझ्या हातात ठेवला आणि स्वतःचा हात पुढं केला.

"न्हाय ना जमत? मग ती सुई तरी द्या."