शनिवारची सतरंजी

आदरणीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती मुख्याध्यापिका चतुराबाई पगारे, त्यांच्या जागी येणारे चिमाजी सर आणि समोर बसलेल्या पालक बंधुभगिनींनो,

मी मल्हारी गुरुजींची पत्नी. शाळेत कधी गेले नाही. घरातल्या पुस्तकांवरच वाचायला शिकले. म्हणून भाषण नाही, एक प्रश्न घेऊन आले आहे.

बाई मुख्याध्यापिका झाल्या ते साल अठ्ठ्याहत्तर. आदल्या दिवसापर्यंत ह्यांच्या शेजारी बसून डबा खाणाऱ्या, मराठी शिकवणाऱ्या बाई. आल्या आल्या त्यांनी पद्धत घातली. शनिवारी एका शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात मागे सतरंजीवर बसायचं. शेरा लिहायचा नाही. वर्ग सुटल्यावर फक्त एक प्रश्न विचारायचा. घरी हे कडाडले, "तपासायला साहेब येतात की! ही कोण?" आणि पहिल्याच शनिवारी बाई नेमक्या ह्यांच्या वर्गात.

हे म्हणाले, "बसायला जागा नाही."

"मुलं सरकतील, गुरुजी. हजेरीत माझंही नाव घाला."

त्या दिवशी हे घरी आले. जेवताना मला म्हणाले, "अपूर्णांक सांगतो. कळलं नाही तर तसं सांग." मला कळलं नाही. मग त्यांनी ताटातली भाकरी मोडून सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक नवा पाठ आधी माझ्यासमोर होऊ लागला. असं काय विचारलं असेल बाईंनी? हे गेले आणि विचारायचं राहूनच गेलं. बाई, आज सांगाल?

मागे बाईंचं ऐकू आलं नसेल, मी सांगते. बाईंनी विचारलं होतं, "गुरुजी, मला अपूर्णांक कळले नाहीत. वर्गात आणखी कुणाला कळले नसतील का?"

आणि बाई, तुम्हाला खरंच कळले नव्हते?... हसू नका मंडळी. बाई म्हणतात, "खरंच नव्हते."

चिमाजी सर, आता ती सतरंजी कपाटात जाणार, अशी पालकांत कुजबुज आहे. ठरवणारे तुम्ही. येत्या शनिवारी ह्यांच्या जुन्या वर्गात मागे मी येऊन बसणार आहे. तुम्ही आलात, तर मी सरकेन.

शांतपणे ऐकलंत, सर्वांचे आभार. बोलताना काही चुकलं असेल, तर वर्गात नवी आलेली समजून सांभाळून घ्या.