रुसलेल्या जावयाचं उतरणं

(जळगावजवळची खासगी धावपट्टी, १९८७. मंत्री येणार म्हणून आजच्यापुरता टॉवर, खाली स्वागताचा मांडव. टॉवरमध्ये पितांबर, दाराशी भोंगेवाला छगन. कापसावर औषध फवारून परतलेला लोटन विमानात.)

लोटन : पितांबरभाऊ, उतरू का आता? कधीचा घिरट्या घालतोय.

पितांबर : आधी विमानाचं नाव, मग जागा, उंची, मग मागणी. हवेत ‘भाऊ’ चालत नाही.

लोटन : फवारणी-दोन. मेहरूण तलावावर, हजार फूट. उतरायची परवानगी द्या.

पितांबर : फवारणी-दोन, हजार फुटांवरच थांबा. मंत्र्यांचं विमान पंधरा मिनिटांत. ऐकलं ते परत म्हणा.

लोटन : हजार फुटांवर थांबतो. पण पेट्रोल कमी शे हो.

पितांबर : नियमात ‘कमी शे’ नाही. संकट असेल तर तीन वेळा ‘मेडे’ म्हणा. पट्टी तुमची, मंत्री बसतील फिरत.

लोटन : हे सगळं मांडवातल्या भोंग्यावर जातंय ना?

पितांबर : जातंय. तुमची अख्खी सासुरवाडी बसलीय. पुढच्या रांगेत माझी बहीण, तुमची सुगंधा.

लोटन : भोंगा बंद करा, मग म्हणतो.

पितांबर : पाहुणे, लग्नात स्कूटरसाठी रुसून फाट्यावर जाऊन बसलात. दोन तास मी हात जोडून उभा, अर्धं बोदवड बघत होतं. तेव्हा कुठला भोंगा बंद झाला?

छगन : भाऊ, हे बी बठ्ठं मांडवात ऐकू गयं.

पितांबर : जाऊ दे.

लोटन : अहो, जावयानं रुसायचंच असतं. गंमत होती ती.

पितांबर : हीपण गंमतच. म्हणा.

लोटन : सुगंधासमोर, तिच्या माहेरासमोर हात पसरू? त्यापेक्षा घिरट्या बऱ्या.

पितांबर : मग हजार फुटांवर थांबा. परत म्हणा.

लोटन : हजार फुटांवर... इंजिन खोकतंय.

पितांबर : नियमात खोकलाही नाही.

लोटन : भाऊ, बंद पडलं. मेडे, मेडे—

पितांबर : फवारणी-दोन, पट्टी मोकळी आहे. उतरा.

पितांबर : फवारणी-दोन, उतरा म्हणतोय. परत म्हणा.

छगन : तलावापलीकडे केळीत पडनं, भाऊ. मी डोयानं पाह्यं. सुगंधाताई जिना चढी ऱ्हायनी. तिले काय सांगू?

पितांबर : सांग, तीन वेळा म्हणायचं असतं. पाहुणे दोनदाच म्हणाले.