स्वयंपाक्याचे शिखर

मानवाने पृथ्वीचा एकही कोपरा निनावी ठेवलेला नाही, असे १९५८ साली वर्ध्याच्या कचेरीच्या ओट्यावर अर्जनवीस बंडोपंत वर्तमानपत्र वाचून सांगत होते. ऐकायला जंगलू होता. हिंगणी गावापलीकडच्या जंगलातल्या आपल्या टोलीसाठी, म्हणजे झोपड्यांच्या लहानशा वस्तीसाठी, त्याने विहीर मागितली होती आणि आज निकाल होता.

"दक्षिण ध्रुवाकडे नवी डोंगररांग सापडली, जंगलू. सगळ्या शिखरांना नावंही देऊन झाली."

"कोन राह्यते तिथं, पंत?"

"कोणी नाही. नुसता बर्फ."

"मंग हाका कोन मारते त्याइले?"

"हाका नाही रे, नकाशासाठी. हे बघ, एक शिखर त्यांच्या स्वयंपाक्याच्या नावाचं आहे."

"चढला होता का तो?"

"छे! तो तंबूत. फोटो विमानातून काढले."

"आमच्या टोलीमागं टेकडी हाये. तिचं नाव हाये का नकाशात?"

"किती उंच आहे?"

"झऱ्याचं पानी घेऊन उतरेपावतर बायाइच्या घागरी अर्ध्या होतेत, तेवढी."

इतक्यात चपराशी दारात आला.

"जंगलू कोन? अर्ज नामंजूर. तुही टोली नकाशात नाई. विहीर हिंगणीले देल्ली."

"पंत, त्या बर्फावाल्याइले इचारा ना. एखादं नाव उरलं असन त्याइच्याजवळ."

"आधी नकाशात नाव घालायचा अर्ज करावा लागेल."

"करा."

"टोलीचा पत्ता काय लिहू?"

"हिंगणीजवळ."

हिंगणीत तेव्हा चौदा विहिरी होत्या.