राक्षसाचा पोपट आणि नाना

चोरीचा आळ माझ्यावर एकदाच आला, आणि तोही पोपटाचा. चोपड्याच्या आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी मी राक्षसाची गोष्ट दिली होती. अंक बघणारे नाना म्हणाले, "अक्का, ही छापता येणार नाही. राक्षसाचा जीव पोपटात, ही उचलेगिरी झाली."

"कोणाचा उचलला? पत्ता द्या, परत करून येते."

"माझी आजी सांगायची ही गोष्ट."

"मग तिनं कोणाचा उचलला? नाना, पोपट बठ्ठासना शे, सगळ्यांचा; एकट्याचा नाही. माझा राक्षस म्हातारा आहे आणि पोपट कुठं ठेवला तेच विसरलाय. पुढं वाचा तर खरं."

नानांनी वाचलं. राक्षस दारोदार विचारत फिरतो, "अक्का, माझा जीव तुमच्याकडं राहिला का?" नाना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले आणि त्यांनी गोष्ट ठेवून घेतली.

आठ दिवसांनी त्यांनी स्वतःची गोष्ट मला ऐकवली. चेटकिणीचा जीव मैनेत, आणि ती दारोदार विचारते, "भाऊ, माझा जीव तुमच्याकडं राहिला का?"

मी म्हटलं, "मैना ठेवा, नाना. वाक्य परत द्या."

त्यांनी ते निमूट खोडलं. "मग माझी चेटकीण काय विचारणार?"

"ते तुमचं तुम्ही शोधा."

अंक निघाला, माझी गोष्ट पहिल्या पानावर आहे. नाना अजून शोधतायत.